शालूबाईंची बारा फुटी छत्री

माधवनगरात केबलची तार खांबावर चढून ज्या बाईनं ओढली, त्या शालूबाईंविषयी मी लिहितोय. लिहिताना माझी फजितीही सांगावी लागणार आहे, त्याला इलाज नाही. मी सांगलीच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो आणि शालूबाईंच्याच गल्लीत राहतो. शिकलेला माणूस चुकत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे जरूर वाचावं.

शालूबाई कोरेगावकडच्या, ऊसवाल्या घरातल्या. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांच्या यजमानांनी, नाथाजींनी, गच्चीवर बारा फुटांची ॲल्युमिनियमची छत्री बसवून केबलचा धंदा नुकताच काढला होता. कामाला माणूस मिळेना म्हणून शालूबाईच खांबावर चढू लागल्या. एका म्हाताऱ्यानं खाली उभं राहून विचारलं, बाईमाणसाला हे शोभतं का. "आवं, खांब काय बाप्याच्या नावावर केलाय व्हय?" असं वरूनच विचारून त्यांनी तार पक्की केली. पुढं नाथाजी गेले, घरोघरी छोट्या छत्र्या आल्या, मग मोबाइल आला आणि केबल बसली. शालूबाई बसल्या नाहीत. आजही त्या स्कूटरला हत्यारांची पिशवी अडकवून पार शिराळ्यापर्यंत छत्र्या दुरुस्त करायला जातात.

त्यांची मुलगी अपेक्षा पुण्यात खगोलशास्त्र शिकते. तिनं एकदा फोनवर सांगितलं की शर्मिष्ठा या तारकासमूहाच्या बाजूला वायूचा एक ढग आहे, तिथं नवे तारे जन्मतात, आणि त्या ढगातलं मिथेनॉल, म्हणजे अल्कोहोलचाच एक प्रकार, रेडिओलहरी आपोआप वाढवून सोडतं. याला मेसर म्हणतात. लेसरसारखंच, फक्त उजेडाऐवजी रेडिओ. बाजारात हजार माणसं बोलतात तो नुसता गोंगाट. लेझमीत शंभर जण एकाच ठेक्यावर पाऊल टाकतात, तशा या लहरी एका ठेक्यात निघतात. त्यातल्या काही बारा गिगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे टीव्हीच्या छत्रीला पकडता येतील अशा पट्ट्यात असतात. शालूबाईंनी एवढंच विचारलं, "म्हंजी आपल्या छत्रीला घावंल?"

गच्ची मात्र त्यांच्या एकट्यांची नव्हती. धाकटे दीर आप्पासो फौजेतून सुभेदार होऊन परतले होते, आणि त्यांना तिथं सोलर लावायचं होतं. छत्री त्यांच्या डोळ्यांत सलत होती. "वैनीला आभाळातली दारू घावनार हाय म्हनं," असं त्यांनी गल्लीभर सांगितलं, आणि घरात बजावलं की मे महिन्यात काय ते दाखवा, न्हाईतर छत्री भंगारात. शालूबाईंना भंगार हा शब्द लागला. त्या छत्रीवर त्यांची तीस वर्षं गेली होती, आणि छत्री भंगार तर आपणही भंगारच, असं त्या मला स्पष्ट म्हणाल्या होत्या.

त्यांनी छत्री उत्तरेला फिरवली, अर्ध्या आभाळाच्या उंचीवर रोखली आणि आपल्या धंद्याच्या रीतीप्रमाणे बोल्ट घट्ट आवळून टाकले. छत्रीच्या तोंडाशी नवं एलएनबी, म्हणजे लहरी टिपणारी डबी, बसवलं. अपेक्षानं पाठवलेला बोटाएवढा रिसीव्हर लॅपटॉपला जोडला. कामातून वेळ मिळेल तसं पडद्याकडं बघत तीन आठवडे गेले, काही नाही. मग एका गुरुवारी, अकरा पस्तीसला, पडद्यावर एक बारीक रेघ उभी राहिली आणि दोनेक मिनिटांत विरून गेली. शुक्रवारी दिवसभर लाईट नव्हती. शनिवारी त्यांनी मला आणि आप्पासोंना बोलावलं, त्याच वेळेला.

आम्ही साडेअकराला गच्चीवर गेलो आणि साडेबारापर्यंत उन्हात भाजलो. रेघ आली नाही. मी शहाण्यासारखं तोंड करून म्हणालो, परवाचं ते जवळच्या मोबाइल टॉवरचं असणार. आप्पासोंनी तिथूनच भंगारवाल्याला फोन लावून पुढचा शनिवार ठरवला. शालूबाईंनी आम्हाला ताक दिलं. आपण बरोबर ठरलो याचा मला आनंद झाला होता, हेही कबूल करतो.

रविवारी त्या सकाळी नऊलाच गच्चीवर जाऊन बसल्या. अकरा तेवीसला रेघ आली. छत्रीला त्यांनी बोटही लावलं नव्हतं. सोमवारी ती अकरा एकोणीसला आली, मंगळवारी अकरा पंधराला. मंगळवारी दुपारी त्या माझ्या दारात उभ्या राहिल्या, आत यायलाही तयार नव्हत्या.

"सर, मोबाइलचा टॉवर रोज चार मिन्टं लवकर उठतुय व्हय?"

माझे कान तापले. तारे रोज चार मिनिटं आधी येतात, हे मी पहिल्या वर्षाला शिकवतो. परीक्षेत त्यावर प्रश्नही काढलाय. शनिवारी ती रेघ आम्ही जिना चढण्याआधीच येऊन गेली होती. शालूबाई चुकल्या त्या केबलवाल्या म्हणून. आठची मालिका आठलाच लागते, हे त्यांच्या हाडात भिनलेलं. माझ्याकडं कसली सबब होती? लाज वाटली, अजूनही वाटते.

ठरल्याप्रमाणे पुढच्या शनिवारी भंगारवाल्याचा टेम्पो दारात आला. दोन माणसं करवत घेऊन वर आली. शालूबाईंनी त्यांना सावलीत बसवलं आणि दिराकडं वळल्या.

"भाऊजी, घड्याळ बगा. अकराला एक मिनिट कमी आसताना रेघ सगळ्यात उंच जाईल. न्हाई गेली तर छत्री न्या, मी आडवी येनार न्हाई."

दहा सत्तावन्नला रेघ उगवली. एकोणसाठला ती पडद्यावर ताठ उभी होती. आप्पासोंनी घड्याळ दोनदा पाहिलं. ज्यानं आयुष्यभर वेळेवर हजेरी लावली, तो अशा वेळेवर आलेल्याला खोटं कसं म्हणणार? मीच मधे तोंड घातलं, की तरी पुण्याहून एकदा खात्री करून घेतलेली बरी.

"सर, तुमी जरा गप बसा," शालूबाई म्हणाल्या. मी बसलो.

"आलं, मान्य हाय," आप्पासो म्हणाले. "पर ह्याचा उपेग काय, वैनी?"

"उपेग? साडेसहा हजार वर्सं झाली ह्येला तिथनं निघून. तवा माधवनगर न्हवतं, ही गच्ची न्हवती, तुमी-आमी कुनीच न्हवतो. येवढं चालून दारात आलंय, आन मी त्येला म्हनू, जागा न्हाई, फुडं जा? माझ्यानं हुनार न्हाई. सोलर लावा की, गच्ची काय थोडी हाय? पर छत्रीला करवत लावायची आसंल तर आदी मला हितनं उचला."

त्या छत्रीच्या खांबाला हात लावून उभ्या राहिल्या. करवतवाले आप्पासोंकडं बघत होते. आप्पासो घड्याळाकडं.

"उद्या कितीला?" त्यांनी विचारलं.

"तुमीच सांगा. फौजेत घड्याळ वाचायला शिकलाय न्हवं?"

आप्पासोंनी क्षणभर मनाशी मोजलं. "धा पंचावन," ते म्हणाले, आणि त्यांनी करवतवाल्यांना हातानंच खाली जायची खूण केली.