शाल पांघरलेला नटराज

नाचणाऱ्या देवापुढं नारळ फोडता ना तुम्ही? मग नाचणाऱ्या बाईला बसायला खुर्ची शेवटची कधी दिलीत?

तिसगावच्या पुढं एका गावात बनुबाई राहते. उमेदीची सारी वर्षं तमाशाच्या फडात नाचली. यात्रेत तिच्यावर फेटे उडवणारी माणसं आता तिला रस्त्यात बघून मान वळवतात. ह्याला म्हणे प्रतिष्ठा! गुडघे कुरकुरतात, पण बाईला एकच ध्यास. नव्या सांस्कृतिक भवनात दर मंगळवारी संध्याकाळी पोरींना नाच शिकवायचा. पोरी तयार, त्यांच्या आया तयार. भवनाच्या समितीचे अध्यक्ष अंगदराव तेवढे तयार नाहीत.

"मावशी, भवन संस्कृतीसाठी हाय."

संस्कृती कशाला म्हणतात ते उद्घाटनाला दिसलं. दारातल्या चौथऱ्यावर ब्राँझचा नटराज बसवलेला. आता समितीची रीत अशी, की कार्यक्रमाला येईल त्याला शाल आणि फेटा. मग देवालाच कसं सोडतील? शालीखाली चारही हात गेले, उचललेला पाय गेला. फेटा जटांवर बसेना, तो भोवतीच्या ज्वाळांच्या कड्याला गुंडाळला. उघडा राहिला पायाखालचा बुटका राक्षस. लोकांनी हळदकुंकू त्यालाच वाहिलं.

अंगदराव मोबाईलमध्ये बघून शालीकडं बोट दाखवू लागले. "डमरूतून जग जन्मतं, अग्नीत विरतं. तिसरा हात म्हणतो, भिऊ नका. चौथा पायाकडं दाखवतो, इथं आसरा घ्या. पायाखाली तुडवलंय ते अज्ञान!"

बायकांच्या मागं उभी असलेली बनुबाई ओरडली, "अंगदराव, भिऊ नका म्हननारा हात कुटाय? मला तर नुसती शाल दिसती."

हशा पिकला.

"आत हाय, मावशी. गप ऱ्हावा."

"अन् कुनाला म्हनतो त्यो?"

"सगळ्यांना!"

"मग मी न्हाई भ्यायची. मंगळवारी किल्ली द्या."

"विचार करू."

विचार अजून चालूच आहे. पुढच्या मंगळवारी पोरी जमल्या, तर दाराला कुलूप. बनुबाईनं देवाची शाल उतरवली, नीट घडी घातली.

"अहो, देवाचा सत्कार मोडला!" वॉचमन धावला.

"हात झाकून नाचता येतं व्हय रं? नाचून दाव!"

पायऱ्यांवरच तिनं ठेका धरला, पोरींनी पाय टाकले. तेव्हापासून वर्ग तिथंच भरतो. आता समितीला मूर्तीच्या सुरक्षेची काळजी लागलीय. येत्या मंगळवारी संध्याकाळी पायऱ्यांसकट सगळं लोखंडी जाळीत बंद करणार आहेत.

तुम्ही त्या संध्याकाळी या. हार नको, शाल तर अजिबात नको. पोरीला घेऊन या आणि जाळी ठोकणारे येण्याआधी पायरीवर बसा.