दिवेलागणीच्या बैठका

दिवेलागण झाली की आमच्या झोपडीपुढे काका बैठका मारायचा आणि माय कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत उभी राहायची. त्याच्या बैठका झाल्याशिवाय आमच्याकडे तवा चुलीवर चढत नसे. मी आणि माझा धाकटा भाऊ भुकेनं कळवळत शेजारी बसलेलो असायचो. आज इतक्या वर्षांनी सांगते, त्या भुकेची मला अजून आठवण येते. पुढे आयुष्यात पोटभर जेवले, पण तशी भूक पुन्हा लागली नाही.

अकोल्यात गाठीचा रोग, म्हणजे प्लेग, आला त्या हिवाळ्यातली ही गोष्ट. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडून थोडीच वर्षं झाली होती. आम्ही माळी, गावातल्या आमच्याच लोकांच्या आळीत राहायचो. शेजारच्या घरात उंदीर पडला, तशी बाबांनी त्याच दिवशी गाडी जुंपली आणि आम्ही नदीपल्याडच्या आमच्या मळ्यात आलो. तुराट्यांच्या भिंती, वर गवत, आतून शेणाचा हात, अशी झोपडी उभी राहिली. बांधापलीकडच्या पडीक पट्टीत गावातली इतर माणसंही झोपड्या घालून राहायला आली. अकोल्याचा बाजार बंद पडला होता, म्हणून बाबा मेथी, वांगी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, गाडीत भरून बार्शीटाकळीकडच्या बाजारांना जायचे ते दोन-दोन दिवस परतायचे नाहीत. मागे मळा, मोट आणि आम्ही पोरं, सगळं माय आणि काकावर.

काका म्हणजे बाबांचा पाठचा भाऊ. माय लग्न होऊन आली तेव्हा तो रांगत होता आणि घरात सासू नव्हती. मायनंच त्याला न्हाऊमाखू घातलं, शेंबूड पुसला, वेळप्रसंगी बदडलंही. मला आठवतो तो मात्र मिशा फुटलेला, तालमीत घुमणारा, अंगाला लाल मातीचा वास येणारा गडी. रोगापेक्षा तालीम बंद पडल्याचं त्याला जास्त दुःख झालं होतं. जगात दोनच जाती आहेत, जोर काढणारे आणि न काढणारे, असं त्याचं मत होतं, आणि दुसऱ्या जातीत त्यानं माझ्या बाबांनाही घातलं होतं.

एके दिवशी सरकारी डॉक्टर शिपायाला घेऊन झोपड्यांवर आला. मान, काख, जांघ रोज चाचपून बघा, गाठ लागली तर लपवू नका, असं सांगून गेला. बऱ्याच जणांनी ते या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं. माय मुळातच धास्तावलेली, तिनं ते मनावर घेतलं. भाकरी थापताना तिचे हात मध्येच थांबायचे. बांधापलीकडे कुणी खोकललं तरी तिचा घास तोंडातच राहायचा. संध्याकाळ झाली की ती आम्हा दोघांना उघडं करून चाचपायची. आम्हाला गुदगुल्या व्हायच्या. आम्ही हसलो की ती चिडायची आणि पुन्हा पहिल्यापासून चाचपायची.

मग काकाची पाळी आली. त्यानं मान पुढे केली, हात वर करून काखा दाखवल्या. राहिली जांघ. ज्या पोराला तिनं मांडीवर पालथं घालून तेल चोळलं होतं, त्याच्या जांघेला आता हात लावणं तिला शक्य नव्हतं. तोंडानं विचारणं त्याहून कठीण. ती पदराचं टोक पिळत तशीच उभी राहिली.

शेवटी काकालाच तिची कीव आली.

“वैनी, तिथं गाठ असली त मानूस उकिडवा बसू शकते का?”

“कसा बसन? पाय हालवता येत नाही म्हनतात.”

“मंग पाहून घ्या,” असं म्हणून त्यानं धोतराचा काचा मारला आणि तिथंच धुळीत बैठका सुरू केल्या.

माय बघत राहिली. तिचे खांदे हळूहळू खाली आले. “पुरे,” ती म्हणाली आणि आत जाऊन तिनं तवा ठेवला. त्या दिवसापासून तो नेमच पडला.

झोपड्यांत काही लपून राहत नाही. शेजारी एक शिंपी राहायचा, जन्मभर मांडी घालून बसलेला, पोट सुटलेला. त्याच्या बायकोनं काकाचं बघितलं आणि दुसऱ्या संध्याकाळी नवऱ्याला बाहेर काढलं. बिचारा गाडीचं चाक धरून खाली बसला, तो वर यायला काकाला हात द्यावा लागला. सकाळी त्याच्या मांड्या अशा धरल्या की त्यानं रोग झाला म्हणून गळा काढला. बायकोही रडायला लागली. काकानं जाऊन त्याच्या मांड्या दाबून बघितल्या आणि पोट धरून हसला. “बैठकाईचं दुखनं हाये भाऊ. आजबी मारा, उद्या मोकये होसान.”

बघता बघता ती ओळच्या ओळ संध्याकाळी खालीवर व्हायला लागली. पुढे बाप्ये, समोर कमरेवर हात ठेवलेल्या बाया, आणि मधून चुका काढत फिरणारा आमचा काका, जणू त्याची तालीमच मळ्यात आली होती. भीती होतीच. टोकाच्या झोपडीतून माणूस उचलला गेला की त्या दिवशी ओळीत कुणाचा आवाज निघत नसे. तरी दिवेलागणीला जो तो बाहेर यायचा. घाम निघाला की माणसं बोलायला लागायची, चुली पेटायच्या, कुणीतरी शिंप्याची थट्टा करायचं. मायसुद्धा हसायची. एकदा काकानं तिला विचारलं, “आन तुमचं कोन पाहीन वैनी?” ती म्हणाली, “मी दिवसभर वाफ्यात उकिडवीच असतो. तेच पाहत जा.”

मला त्या संध्याकाळी परत हव्यात. कुणी म्हणेल, बाई, रोगाचे दिवस कसले मागतेस? मागते. भीतीसकट मागते.

पौषातली एक दुपार होती. काका विहिरीवर मोट हाकत होता. मोट भरली की बैल उतारावरून खाली धावायचे आणि काका नेहमी मोटेच्या नाड्यावर, म्हणजे दोरावर, बसून त्यांच्याबरोबर खाली यायचा. धाकटा ती गंमत बघायला त्या धावेच्या उतारावरच मुक्काम ठोकून असायचा. त्या दुपारी काका नाड्यावर बसला नाही. बैलांच्या बाजूनं चालत राहिला.

“काहून भाऊजी?” मायनं वाफ्यातून विचारलं.

“मांड्या भरून आल्या जराशा. काल लय झाल्या बैठका.”

हातातली मेथीची जुडी मायनं सोडली आणि पुन्हा बांधली.

संध्याकाळी ती झोपडीतच घुटमळत होती. काकानंच हाक मारली. “वैनी, या ना. पाहाचं नाही का आज?” ती दारात आली. काकानं काचा मारला आणि बैठका सुरू केल्या. अर्ध्यामुर्ध्या नव्हेत, तालमीत मारतात तशा पुऱ्या, टाचांपर्यंत. आमच्याकडे बघून तो हसतही होता. अंगावर काटा येईल एवढी थंडी, आणि त्याच्या वरच्या ओठावर घाम आला होता. मला त्याचं काही वाटलं नाही, कारण मी भाकरीची वाट बघत होते.

मायनं फार वेळ बघितलं नाही. “पुरे, भाऊजी,” ती म्हणाली. “दिसलं मले. बरे आहा तुमी.”

काका जेवायला बाजूला बसला. डुकरं वाफे उकरतात, आजपासून मी विहिरीवर राखणीला झोपतो, असं म्हणाला. मायनं त्याला घरातली नवी वाकळ दिली, घागर भरून दिली. धाकटा त्याच्या मागे जायला निघाला, तर मायनं त्याचा दंड असा धरला की वळ उठले.

सकाळी आम्ही विहिरीकडे गेलो, तर काकानं लांबूनच ढेकळं फेकून आम्हाला पळवलं. आम्हाला तो खेळ वाटला, म्हणून आम्हीही फेकली. मग मायनं आम्हाला शिंपिणीच्या स्वाधीन केलं आणि स्वतः बांधावर जाऊन बसली. काका तिला येऊ देत नव्हता, शिव्या घालत होता. तरी तिनं जवळ जाऊन त्याला पाणी पाजलं. त्याच्या तान्हेपणीच्या गोष्टी ती त्याला सांगत होती, तो आवाज झोपडीपर्यंत यायचा. बाबा बाजाराहून परतले त्याच दिवशी काका गेला.

पुढे माझं लग्न होऊन मी अमरावतीला आले. घरामागे तालीम आहे. संध्याकाळी पोरं बैठका मारतात आणि मी मागच्या दारात जाऊन उभी राहते. व्यायाम केला की रोग जवळ येत नाही, असं त्यांचे मास्तर पोरांना सांगतात. मला त्यांचा राग येतो. पण पोरं खालीवर व्हायला लागली की माझा पाय तिथून निघत नाही. मला काका हवा असतो, दुसरं काही नाही.

पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी गेले होते. माय लसूण सोलत होती. मी म्हटलं, काकानं त्या संध्याकाळी आपल्याला कसं फसवलं, नाही?

“तुमाले फसवलं,” माय म्हणाली. “मले त दुपारीच समजलं होतं.”

“मग बरे आहा असं काहून म्हटलं त्याले?”

तिनं सोललेली पाकळी ताटलीत टाकली.

“नाही म्हटलं असतं, त मले पटेपर्यंत तो बैठका मारतच राह्यला असता,” ती म्हणाली. “म्हनून म्या म्हटलं, पुरे.”