आमच्या घरात औषध म्हणत नाहीत

आमच्या घरात ताप आला की गोळी खातात, खोकला झाला की शिरप पितात, आणि वावरात फवारायचं असेल त्याला नुसतं 'फवाऱ्याचं' म्हणतात. औषध कोणी म्हणत नाही. हा नियम कोणी घालून दिला नव्हता. मी कॉलेजात असताना दादा, माझा मोठा भाऊ, औषध प्यायला आणि त्या दिवसापासून तो शब्द आमच्या घरातून गेला. आमच्या भागात कुणाबद्दल 'औषध घेतलं' असं म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात आधी एकच अर्थ येतो: फवाऱ्याचं पिऊन जीव द्यायला गेला. बाहेरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं.

दादानं तसं का केलं ते आजवर कळलेलं नाही. त्या सकाळी त्यानं माझ्या सायकलची उतरलेली चेन बसवून दिली. हात काळे झाले ते माझ्याच शर्टाला पुसले, मी चिडलो तर हसला. दुपारी वावरातून निरोप आला. आई मिठाच्या पाण्याचा लोटा घेऊन धावली होती, ओकारी काढायला. ती पोचली तेव्हा उशीर झाला होता. मला मात्र इतकी वर्षं त्या हसण्याचीच भीती वाटत आली आहे. सकाळी जो असा हसतो त्याच्या मनात काय चाललंय हे कळणार कसं? आणि रक्त तर आमचं एकच.

सिगरेटही मला दादानंच शिकवली, नाचणगावच्या शाळेमागे. ती मात्र टिकली. पुलगावात माझं कापडाचं दुकान आहे. कापडाच्या दुकानात आग आणि वास दोन्ही नको, म्हणून दर तासाला मी मागच्या गल्लीत जाऊन ओढायचो आणि हात धुऊन गादीवर येऊन बसायचो. मला वाटायचं, कुणाला काही कळत नाही. एका म्हातारीनं घडी मोडून लुगडं नाकाशी धरलं आणि म्हणाली, "भाऊ, याले बिडीचा वास येऊन राह्यला." मी जन्मात बिडी ओढली नाही. त्याचाच मला राग आला. लुगडं तिनं घेतलं नाही.

पुढे खोकला सुरू झाला. माळ्यावरून कापडाचं थान उतरवलं की खाली बसावं लागायचं. बायकोनं जबरदस्तीनं वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई माझ्या मुलीपेक्षा चार-दोन वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी मला एका नळीत फुंकायला लावलं, पुन्हा फुंकायला लावलं आणि म्हणाल्या, "काका, तुमच्यापेक्षा तुमची फुप्फुसं म्हातारी झालीत. अजून वेळ गेलेली नाही, पण सिगरेट आता बंद व्हायलाच हवी." मी हो म्हटलं. बाहेर येऊन गाडी काढायच्या आधी एक ओढली, मनाची तयारी म्हणून.

सोडायचे प्रयत्न मी प्रामाणिकपणे केले. केळझरच्या गणपतीसमोर उभं राहून सोडली आणि परतीच्या वाटेवर सेलूच्या फाट्यावर चहाबरोबर पुन्हा धरली. बडीशेप खाल्ली, लवंगा चघळल्या, जिभेची सालं निघाली. अख्ख्या बाजारपेठेकडे यावर एकच इलाज होता: "खर्रा खाऊन पाय. सिगरेट आपोआप सुटते." सुपारी-तंबाखूचा तो लगदा गालात धरलेली माणसं मला तब्येतीचे सल्ले देत होती. सिगरेट नसली की माझा स्वभाव मुळात आहे त्याहून वाईट होतो. एकदा मी एका नवऱ्यामुलीच्या बापाला दुकानातून जवळजवळ हाकललं. संध्याकाळी बायको हात जोडून म्हणाली, "तुमी ओढा बापा, पण असं बोलू नका."

पुन्हा दवाखान्यात गेलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी गोळीची गोष्ट काढली. आधी गोळी सुरू करायची, आठवडाभरानं सिगरेट बंद करायची. गोळीनं तलफ कमी होते, ओढली तरी मजा येत नाही. मी सुटलो असं मला वाटलं. मग त्यांनी विचारलं, "झोप कशी आहे? मन उदास राहतं का? घरात कुणी कधी स्वतःच्या जिवाचं काही केलंय का?"

मी म्हणालो, "भाऊ."

त्यांनी पेन खाली ठेवला. "बहुतेक लोकांना या गोळीचा काही त्रास होत नाही," त्या सावकाश म्हणाल्या. "स्वप्नं पडतात, मळमळतं, एवढंच. पण क्वचित कुणाचं मन खाली जातं, नको ते विचार येतात. तसं झालं तर गोळी थांबवायची आणि लगेच मला फोन करायचा. घरात एकाला तरी सांगून ठेवा, तुमच्यावर लक्ष ठेवायला. दुसरेही उपाय आहेत, निकोटीनची पट्टी आहे, च्युइंगम आहे. घाई नाही, विचार करा."

विचार करा म्हणणं सोपं होतं. गोळ्या मी आणल्या आणि दुकानाच्या गल्ल्यात टाकल्या. पाकिटातला बारीक अक्षरांचा कागद कापडाचा पोत पाहायच्या भिंगातून वाचला. मन, मूड, विचार, वागण्यातला बदल, अशी एक ओळ होती. सिगरेटच्या पाकिटावरचं ते सडक्या तोंडाचं चित्र मी वर्षानुवर्षं रोज पाहिलं, कधी काही वाटलं नाही. या एका ओळीनं मात्र मला घाम फुटला. मी भिंग ठेवून दिलं आणि मागच्या गल्लीत गेलो.

महिनाभर असंच चाललं. गिऱ्हाइकाला पैसे परत द्यायला गल्ला उघडला की गोळ्या दिसायच्या. पट्टी लावून पाहिली, तिनं नुसती खाज सुटली. दादाच्या डोक्यात जे काही होतं ते माझ्याही डोक्यात कुठंतरी झोपलेलं असेल, आणि ही गोळी त्याला उठवेल, हे माझ्या मनातून जाईना. हे मी कुणापुढे बोललो नाही. बोलणार तरी कुणापुढे? आईसमोर दादाचं नाव काढत नाहीत.

मग एका दुपारी माळ्यावरून पडद्याच्या कापडाचं थान उतरवताना श्वास अडकला. आत जाईना, बाहेर येईना. आंजीहून आलेलं एक जोडपं समोर बसलं होतं. त्यातल्या बाईनं मला धरून खाली बसवलं, पाणी दिलं. "काका, घरी कोण हाये?" असं ती विचारत होती आणि मला उत्तर देता येत नव्हतं. ती मिनिटं संपल्यावर मी भिंतीला टेकून बसलो आणि स्वच्छ दिसलं की इकडे मरण नक्की आहे, तिकडे नुसती शंका आहे. तरीही मला शंकेचीच भीती जास्त वाटत होती. माणसाचं डोकं असं का चालतं कोण जाणे. दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे खाऊन मी पहिली गोळी घेतली. बायकोला सगळं सांगितलं. मुलीला फोनवर कळवलं, पण आईला सांगायचं नाही, असं आम्ही ठरवलं.

त्यानंतरचे दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. मी स्वतःवरच पाळत ठेवली, चुलीवरच्या दुधावर ठेवतात तशी. उठलो की पहिला प्रश्न, आज उदास वाटतंय का? आभाळ भरून आलं तरी वाटायचं, हे आभाळामुळं की गोळीमुळं? एकदा दुकानात कुणाच्या तरी बोलण्यावर खळखळून हसलो आणि हसता हसता गार पडलो, कारण दादाही हसला होता. स्वप्नं तर अशी लख्ख पडायची की जाग आल्यावर तीच खरी वाटायची. दादा चेन बसवतोय, हात काळे, आणि मला म्हणतोय, "चाल, बस मांगं." मी ओरडून उठायचो. बायको पाणी द्यायची आणि माझ्या तोंडाकडे बघत राहायची. ती बघते याचीही मला भीती वाटायची. पलीकडच्या खोलीत आई जागी असेल हे आमच्या दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

सिगरेट बंद करायचा दिवस आला. सकाळी गोळी घेतली, कुणाशी न बोलता दुकानात गेलो. घरी काय झालं ते मला नंतर कळलं. पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलीचा फोन आला. बायको पोळ्या लाटत होती म्हणून तिनं फोन मोठ्या आवाजावर टाकला. मुलगी लहानपणापासून औषध हा शब्द घरात न ऐकताच मोठी झाली, पण का ऐकला नाही हे तिला कधी कुणी सांगितलं नव्हतं, आणि पुण्यात तर सगळेच औषध म्हणतात. तिनं विचारलं, "आई, बाबांनी औषध घेतलं का?" बायको म्हणाली, "हो, घेतलं." आणि इतक्या दिवसांचं दडपण होतं म्हणून तिला रडू फुटलं.

बाहेर ओट्यावर माझी आई तुरीची डाळ निवडत बसली होती.

मी गादीवर बसून एका गिऱ्हाइकाला खणाचे रंग दाखवत होतो. दुकानासमोर शेजाऱ्याची मोटारसायकल थांबली. मागे आई होती. ऐंशीच्या घरातली, गुडघ्यांनी थकलेली, सणालाही घराबाहेर न पडणारी माझी आई, डोक्यावर पदर नाही, पायात चप्पल नाही, एका हातानं शेजाऱ्याचा खांदा धरलेला आणि दुसऱ्या हातात लोटा. अर्धं पाणी तिच्या लुगड्यावर सांडलेलं. शेजारी गांगरून म्हणाला, "भाऊ, काकू काही सांगेच ना. नुसतं चाल, चाल म्हनून राह्यली."

ती इकडे-तिकडे न बघता थेट गादीवर चढली. माझी हनुवटी धरली, लहान पोराची धरतात तशी, आणि लोटा माझ्या ओठाला लावला.

"पे," ती म्हणाली. "पे लवकर. मी आली ना आता."

मला कळलं. एका क्षणात सगळं कळलं. "आई, तसं नाई," एवढंच म्हणालो. तिला ऐकू गेलं नाही, तिच्या कानात दुसरंच काही चालू होतं. लोट्याची कड माझ्या दातांवर वाजत होती. मी प्यायलो. सगळं खारट पाणी घटाघटा प्यायलो, पायऱ्या उतरलो आणि बाजारपेठेच्या नालीत ओकलो. ती माझी पाठ चोळत होती आणि म्हणत होती, "निंगू दे. सारं निंगू दे, बापा." खणवाली बाई रडत होती. तिला काय कळलं होतं, देवाला माहीत, पण या भागातली बाई होती, तिला कळलंच असणार.

घरी येऊन बायकोनं आईला सगळं सांगितलं: खोकला, गोळी, डॉक्टरीणबाईंची सूचना, स्वप्नं. आई ऐकत होती. मला वाटलं, ती आता गोळ्या उचलून उकिरड्यावर फेकेल, आणि खरं सांगतो, तिनं तसं करावं असं मला आतून वाटत होतं. ठरवायचं ओझं तरी गेलं असतं. मी बाहेर जाऊन डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी आधी मला झापलं, मिठाचं पाणी असं कुणालाही कधी पाजायचं नसतं, त्यानं जीव जाऊ शकतो, उपयोग तर काहीच होत नाही. मग मन कसं आहे ते खोदून विचारलं आणि म्हणाल्या, "भीती वाटते हे ठीक आहे. मरावंसं वाटतं का?" मी नाही म्हणालो. ते खरं होतं. "मग उद्याची गोळी घ्या. आणि आई लक्ष ठेवणार असतील तर फार चांगलं." मिठाच्या पाण्याचं त्यांनी जे सांगितलं ते मी आईला आजतागायत सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्ता झाल्यावर पाहतो तो गोळ्यांची पट्टी आईच्या मुठीत. समोर पाण्याचा गिलास.

"त्या दिवशी तुया भाऊ चहा न पेता गेलता," ती म्हणाली. दादाबद्दल ती माझ्याशी बोलते आहे हे समजायलाच मला वेळ लागला. "मी पायलं होतं. म्हटलं, आल्यावर इचारीन." तिनं गिलास माझ्याकडे सरकवला. "आता तुले रोज इचारतो मी. तुया मनात काय हाये?"

"काही नाई," मी म्हणालो.

तिनं मूठ उघडली नाही. "काही नाई तं तोही म्हनला असता. खरं सांग."

बायको दारात उभी होती. मागच्या गल्लीत पळून जावं, एक ओढावी, मग काय ते बोलावं असं मला वाटलं.

"भेव वाटते, आई."

"कायचं?"

"दादासारखं होईन म्हनून."

तिनं माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत मला असं कुणी पाहिलं नव्हतं. मग पट्टीतून गोळी काढली, तिला ते नीट जमलं नाही, नखानं चांदी फाडावी लागली, आणि माझ्या तळहातावर ठेवली.

"मलेही वाटते," ती म्हणाली. "घे औषध."

मी औषध घेतलं.