कोकणात हवामान कोरडे राहील

माझ्या लेकीच्या फोनमध्ये हवामानाची तीन ॲप आहेत आणि तिन्हींचं एकमेकांशी पटत नाही. एक म्हणतं दुपारी पाऊस, दुसरं म्हणतं उद्या, तिसऱ्यावर नुसताच पिवळाधमक सूर्य. परवा ती वैतागून म्हणाली, "आई, यातलं एकच ठेवते. कुठलं ठेवू?" मी म्हटलं, "जे आपल्या गावाचं सांगतं ते ठेव." तिला वाटलं, आई चेष्टा करतेय. ॲप आपल्या गावाचं नाही सांगणार तर कुणाचं सांगणार? मी कणीक मळायला घेतली. आमच्या घरात कित्येक वर्षं भलत्याच मुलखाचं हवामान ऐकलं जायचं, हे तिला कुठून सुरुवात करून सांगावं ते मला कळेना.

माझं माहेर बारामतीतलं, सासर इंदापूर तालुक्यातल्या एका वस्तीवर. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला माझं लग्न झालं. वस्तीवर हवामानाच्या बाबतीत प्रत्येकाचं वेगळं मत आणि प्रत्येकाचंच बरोबर. वालचंदनगरच्या साखर कारखान्याचा भोंगा ठळक ऐकू आला की कुणी म्हणायचं, वारं फिरलं. मळीचा वास दारापर्यंत आला की कुणी म्हणायचं, आता येतोय. पंचांगात यंदा मृगाचं वाहन बेडूक आहे म्हणून कुणी खूश, तर पुढच्या नक्षत्राला गाढव आहे म्हणून कुणी तोंड पाडून बसलेलं. पेपर यायचा अकराच्या एसटीनं, तोही कधीकधी. काल पाऊस पडणार होता हे आम्हाला आज कळायचं.

सासरे मी यायच्या आधीच गेले होते. घरात सासूबाई, माझे यजमान आणि धाकटे दीर. सासूबाईंना मी आत्या म्हणायची. घराणं पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्यांमागं फिरलेलं. यजमानांनी कारखान्यात नोकरी धरली, कालव्याखालची थोडी जमीन धरली आणि मेंढ्या सोडल्या. दिरांनी सोडल्या नाहीत. दिवाळी झाली की गावातल्या मेंढपाळांची बिऱ्हाडं एकत्र निघायची, घोड्यांवर संसार लादून, घाट उतरून कोकणात. त्याला वाडा म्हणायचे. वाड्याचे पुढारी होते तात्या, आमच्या भावकीतलेच. मे महिन्यात, पाऊस यायच्या आत, वाडा पुन्हा घाट चढून घरी यायचा.

लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीला दिरांनी बारामतीच्या बाजारातून एक रेडिओ आणला. चुलीशेजारच्या फळीवर ठेवला, काटा फिरवत फिरवत पुणं लावलं आणि माझ्याकडं हात पुढं केला. "वैनी, ती नखाला लावायची बाटली द्या जरा." मी नवी नवरी, एकुलती एक नेलपॉलिश, ती माहेरून लपवून आणलेली. ह्यांना कशी कळली देव जाणे. काटा जिथं थांबला होता तिथं त्यांनी काचेवर लाल ठिपका दिला आणि आत्यांना समजावलं, "आये, सकाळच्या बातम्या सरल्या की हवा सांगत्यात. पैलं कोकण येतं. तितं मी. तेवढं ऐकायचं आन्‌ बंद करायचं, सेल वाचत्यात. फुडलं हितलं आसतंय. हितलं तुला दारातनं दिसतंय की."

मला हसू आलं होतं. पण बोलणं सरळ होतं आणि आत्यांना ते पटलं. रोज सकाळी मी भाकरी थापत असायची, आत्या फळीखाली बसायच्या. "कोकण आणि गोव्यात..." सुरू झालं की त्यांचा हात वर जायचा. वाक्य संपलं की कट्ट. आणि मग माझ्याकडं बघून, पोरगं अंगणात असल्यासारखं सांगायच्या, "आज उघाड हाय त्येला."

त्यानंतरच्या मे महिन्यातल्या एका सकाळीही मी भाकरीच थापत होते. रेडिओ म्हणाला, कोकण आणि गोव्यात हवामान कोरडे राहील. आत्यांनी बटण फिरवलं. ते वाक्य मी स्वतः ऐकलं आहे.

वाडा आला तो दिरांना घेऊन आला नाही. तात्या आमच्या ओट्यावर बसले, पटका काढून मांडीवर ठेवला. त्यांनी सांगितलं ते असं. घाट चढताना दुपारी अचानक अंधारून आलं, वळीव आणि गारा. मेंढरं उधळली. चार-दोन कड्याखाली घसरली, त्यांच्या मागं दीर उतरले. पाऊस थांबल्यावर सगळ्यांनी हाका मारल्या. खालच्या गावातली माणसं दोर घेऊन आली, पोलीस आले. काहीच सापडलं नाही. सकाळी ऊन कडक होतं म्हणून दिरांनी घोंगडी घोड्यावर टाकली होती. तात्यांनी ती घडी करून आत्यांच्या पुढ्यात ठेवली.

आत्या रडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "कोकणात त्या दिशी पाऊस न्हवता. रेडिओनं सांगितलं."

"वैनी, मी सोता भिजलोय."

"तुमी दुसरीकडं कुठं भिजला आसाल. रेडिओ कशाला खोटं बोलंल?"

माझे यजमान भिंतीला टेकून उभे होते, ते तसेच खाली बसले.

त्यानंतर आमच्या घरात कोकणाची हवा राहायला आली. इकडं आषाढात आभाळ कोरडं ठणठणीत, विहिरी तळाला गेलेल्या, आणि रेडिओनं कोकणात मुसळधार म्हटलं की आत्या अंगाभोवती पदर घट्ट ओढून पाय जवळ घेऊन बसायच्या. मला म्हणायच्या, बाजरीची पातळ आंबील कर, ऊन ऊन. ती आंबील कुणासाठी हे त्या सांगत नसत आणि मी विचारत नसे. कोकणात पाऊस असला की दिरांची घोंगडी आमच्या उन्हात वाळत पडायची. ती कोरडीच असायची. त्या तिला उलटी-पालटी करायच्या आणि हातानं चाचपून म्हणायच्या, "आजून दमट हाय." उलट आमच्याकडं सर आली आणि कोकणात उघडीप असली, तर दोरीवरचे कपडे आत घ्यायला त्या जागच्या हलत नसत. मी पळायची, चिडायची, भांडी आपटायची. एकदा मात्र रेडिओनं कोकणात जोरदार सरी म्हटलं आणि मी उठून दोरीवरचं सगळं धुणं काढून आणलं. घरात आल्यावर माझ्या लक्षात आलं की बाहेर लख्ख ऊन आहे. मी घाबरले. ओले कपडे पोटाशी धरून मी तशीच उभी राहिले आणि आत्यांना त्यात काहीच वावगं दिसलं नाही.

दर दिवाळीला तात्या निरोप घ्यायला यायचे. आत्या एक गाठोडं तयार ठेवायच्या. त्यात शेंगदाण्याची चटणी, बाजरीच्या कापण्या आणि कधी नवा सदरा असे. "त्येला द्या," म्हणायच्या. तात्या निमूट गाठोडं घ्यायचे. मे महिन्यात आले की ओट्यावर पटका काढून म्हणायचे, "दिसला न्हाय, वैनी." आत्या मान हलवायच्या. एकदा मी त्यांना रस्त्यात गाठून विचारलं, "तात्या, त्या गाठोड्याचं करता काय?" ते म्हणाले, "घाटाच्या तोंडाला ठिवतो. तितंच उतरला हुता त्यो." मला वाटलं होतं, पोरं खात असतील. पुन्हा मी काही विचारलं नाही.

यजमानांनी एकदाच विषय काढला. पिठाचा पुतळा करून दिरांचा अंत्यविधी करून टाकू, असं भावकीचं म्हणणं आहे म्हणाले. आत्या म्हणाल्या, "जित्या माणसाचं कुणी करतं व्हय?" यजमान जेवण टाकून शेतात गेले.

आता सांगते मी काय केलं. माझ्या कुरडया भिजल्या, पाठोपाठ कांदा भिजला. माझं डोकं फिरलं. मी ठरवलं, या घराला आपल्या गावचं सांगणारा, रोजच्या वापराचा एक भरवशाचा अंदाज पाहिजे. पंचांग, पेपर, रेडिओ, भोंगा, सगळ्यांची परीक्षा घ्यायला मी मास्तरीणबाई झाले. आपला अंदाज रेडिओवर कोकणानंतर लगेच येतो हे मला ठाऊक होतं, पण लाल ठिपक्याला हात लावायची सोय नव्हती आणि आत्यांचा हात बटणावर. मग मी शेजारणीच्या रेडिओवर डोळा ठेवला. आत्यांनी बटण फिरवलं की तवा तसाच सोडून मी अंगणातून धावत शेजारच्या खिडकीखाली जायची. बहुतेक वेळा "मध्य महाराष्ट्रात" एवढं निघून गेलेलं असायचं आणि "तुरळक ठिकाणी" हाती लागायचं. शेजारीण हसायची. स्वतःच्या गावचं हवामान चोरून ऐकणारी सून तिनं आधी बघितली नव्हती.

मग यजमानांनी हप्त्यावर टीव्ही आणला. बातम्यांनंतर नकाशा दाखवायचे आणि त्यावर पांढरे ढग. पहिल्या दिवशी आत्या अगदी जवळ जाऊन बसल्या. कोकण कुठलं ते मी बोटानं दाखवलं. त्यांनी काचेवर हात ठेवला आणि विचारलं, "ह्या ढगाखाली माणसं दिसत्यात का?"

"न्हाय आये," यजमान म्हणाले, "लई उंचावनं काढत्यात."

आत्या उठून चुलीपाशी गेल्या. हवामानासाठी त्या पुन्हा टीव्हीसमोर बसल्या नाहीत.

असाच एक दिवस, ज्वारी खळ्यावर पडलेली. शेजारच्या खिडकीखाली उभी राहून मी पक्कं ऐकून आले होते, हवामान कोरडं. दुपारी आभाळ फाटलं. यजमान नखशिखांत भिजून घरात शिरले आणि दारातूनच ओरडले, "साफ खोटं! कोरडं म्हणाला आन्‌ बदाबद कोसळला. काय भरवसा त्या रेडिओचा?"

मी आत्यांकडं बघितलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्या फळीवरच्या रेडिओकडं बघत होत्या, आणि मग त्यांनी कान पदरानं झाकले. मला एकदम सगळं कळलं. आत्या बटण फिरवत होत्या ते दिरांनी सांगितलं होतं म्हणून नाही, सेल वाचवायचे म्हणूनही नाही. कोकण लांब होतं, तिथं रेडिओ खरं बोलला की खोटं हे बघायला कुणी जात नव्हतं. आमच्या दारातला पाऊस मात्र त्याला खोटा पाडू शकत होता. आणि रेडिओ एकदा जरी खोटा पडला, तरी त्या मे महिन्यातल्या सकाळीही खोटा ठरला असता. मग तात्या खरे, वळीव खरा, कडा खरा. आत्या त्या बटणानं रोज सकाळी आपला मुलगा जिवंत ठेवत होत्या, आणि मी बाई कुरडयांसाठी त्यांच्याशी भांडत होते.

मी परीक्षा बंद केली. ज्वारी, कांदा, कपडे, जे भिजायचं ते भिजलं. यजमानही पुन्हा रेडिओबद्दल बोलले नाहीत.

दशक सरत आलं तेव्हाची दिवाळी. तात्या आले, पण निघायच्या तयारीत दिसेनात. बराच वेळ ओट्यावर पटक्याशी चाळा करत बसले. शेवटी म्हणाले, "वैनी, यंदा वाडा न्हाय हालायचा. पोरं न्हाय म्हणत्यात. एक टॅक्टरवर लागला, एक एमआयडीसीत. मेंढरं इकली."

"समदी?"

"समदी. बाकीच्यांनीबी इकली. आता तिकडं आपलं कुणीच जायाचं न्हाय."

गाठोडं आत्यांच्या मांडीवर होतं. त्यांनी त्याची गाठ सोडली, पुन्हा बांधली, आणि आत नेऊन उतरंडीमागं ठेवलं. दुपारी उन्हात टाकलेली घोंगडी त्या संध्याकाळी आत घ्यायचं कुणालाच सुचलं नाही.

सकाळी मी उठले तर पत्र्यावर पाऊस वाजत होता. दिवाळीतला अवकाळी, बारीक, एकसारखा. मी चूल पेटवली. आत्या नेहमीच्या जागी येऊन बसल्या. बातम्या संपल्या. कोकण आणि गोव्यात हवामान कोरडे राहील, रेडिओ म्हणाला. मी बटणाच्या आवाजाची वाट बघत भाकरी उलटली.

आवाज आला नाही. आत्यांचे दोन्ही हात मांडीवर होते. त्या घरात पहिल्यांदाच पुढचं वाक्य आलं, "मध्य महाराष्ट्रात हवामान कोरडे राहील." वर पत्रा वाजतच होता.

इतकी वर्षं जे वाक्य ऐकायला मी खिडक्यांखाली धावले, ते आता आलं नसतं तर बरं, असं वाटलं. मी घाईघाईनं म्हटलं, "आत्या, तुरळक ठिकाणी म्हणाला तो. आपल्याकडं तुरळक पडतोय."

"कोरडं म्हणाला," आत्या म्हणाल्या. "मी ऐकलं."

रेडिओ मराठवाड्याकडं गेला, मग विदर्भाकडं. आत्या पत्र्याकडं तोंड करून ऐकत होत्या.

"त्या दिशीबी असंच झालं आसंल," त्या म्हणाल्या. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून उठायला लागल्या. "ऊठ गं, भाकरी ऱ्हाऊ दे. भाईर त्येची घोंगडी भिजतीया."