मुरब्याच्या बायचा हात

मुरब्याच्या बायचा उजवा तळहात एखाद्या ज्योतिष्याला दाखवला असता, तर तो बिचारा हात जोडून उठला असता. माशांचे पर, खारवायचं जाडं मीठ आणि डोक्यावरची पाटी सावरताना लागणारी तिची कड, यांनी त्या हातावर इतक्या चिरा पाडल्या होत्या, की जन्माच्या रेषा कुठल्या आणि नंतर कमावलेल्या कुठल्या, हे कुणालाच सांगता आलं नसतं. बोईसरच्या स्टेशनाजवळच्या आमच्या गल्लीत मात्र त्या हाताला मोठा मान होता. कुणाच्या बाळाच्या जांघा लाल झाल्या, कुणाच्या मानेखालचं घामोळं चिघळलं, की घरात आणलेलं मलम आधी बायच्या चिरेत जाई. तिला झोंबलं तर ते बाळाला लावत नसत.

"मना झोंबलं तं पोराला नाय झोंबणार का?" एवढंच तिचं शास्त्र.

साठच्या दशकाच्या मधली ती वर्षं. तारापूरला समुद्राकाठी मोठं बांधकाम सुरू झालं होतं आणि बोईसरात कुठून कुठून माणसं येऊन भाड्याच्या खोल्यांत राहू लागली होती. त्या खोल्यांत तरुण नवरा-बायको असत, तान्हं मूल असे. नसे ती सासू किंवा आई. ती जागा बायने कुणी न सांगता घेतली होती. समुद्राकाठच्या मुरब्याहून मासळीची पाटी घेऊन कधी एसटीने, कधी कुणाच्या बैलगाडीतून, तर कधी सरळ पायी ती यायची. मासळी विकून झाली की कुणाच्या तरी पायरीवर पाय पसरून बसायची आणि म्हणायची, "आण गो ते पोर हिकडं. बघू काय म्हनतंय."

मुलांना ती आईबापांनी ठेवलेल्या नावांनी कधी हाक मारत नसे, माशांच्या नावांनी मारायची. गुटगुटीत असेल तो घोळ. सारखा वळवळणारा तो बोय. शेजारच्या ओव्हरसियरांच्या गोऱ्यापान मुलाला ती पापलेट म्हणायची आणि त्यांची बायको मनातून खूश व्हायची. आमची उषा जन्मली तेव्हा किडकिडीत होती, अंगावर नुसती लव. बायने तिला उजेडाकडे धरलं आणि म्हणाली, "मांदेली हाय ही. बारीक, पन चकाकते कशी बघ." उषा आज शाळेत मुख्याध्यापिका आहे. घरात आम्ही तिला मांदेलीच म्हणतो.

मी तेव्हा बोईसरला एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो. माझं गाव वाणगावजवळ. आई मी लहान असतानाच गेलेली. सुमन, माझी बायको, साताऱ्याकडची. तिची आई बाळंतपण उरकून परत गेली आणि दुसऱ्याच आठवड्यात उषाच्या जांघा आणि कुल्ले लालभडक झाले. लंगोट बदलायला घेतला की ती असा टाहो फोडायची, की सुमनही तिच्याबरोबर रडायला लागायची. मी रोज लोकांना औषधं देणारा माणूस, पण स्वतःच्या मुलीसाठी जो जे सुचवेल ते आणत सुटलो. घरात तीन मलमं जमली: पालघरच्या दुकानातून आणलेली सुवासिक क्रीमची गुलाबी ट्यूब, शेजारणीने दिलेली कसलीशी पिवळी पेटंट डबी आणि मी दवाखान्यात घोटलेलं जस्ताच्या पुडीचं साधं पांढरं मलम. सुमनचा सगळा जीव गुलाबी ट्यूबवर.

बायने तिन्ही मागवून घेतली. एकेका चिरेत एकेक बोट मलम भरलं आणि हात उताणा मांडीवर ठेवून ती मुरब्यातल्या कुणाच्या लग्नाची हकीकत सांगत बसली. सुमन अगदी परीक्षेच्या निकालाला बसावं तशी समोर बसली होती. बऱ्याच वेळाने बाय म्हणाली, "हे पिवळं चावतंय. फेक. हे गुलाबी चावत नाय, चुरचुरतंय. आनि वास बघ त्याचा! पोरीला काय वरातीत न्यायची हाय?"

"आणि पांढरं?" मी विचारलं.

"पांढरं गप हाय," ती म्हणाली. "मलम गप पायजे. लावलेलं कळता नये."

मग तिने सुमनला आणखी दोन गोष्टी सांगितल्या. लंगोटांना धुण्याचा सोडा लावायचा नाही आणि तीन पाण्यांतून काढायचे. रोज दुपारी पोरीला तासभर उघडी ठेवायची. "वारा लागू दे गो तिला. आमी सुकट वाळवतो ती काय गुंडाळून?" चार दिवसांत उषाची कातडी निवळली. ती हसायला लागली. बायचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला, की ती मान वळवून पाय झाडायची.

पावसाळ्यात होड्या वर ओढल्या, मासळी थांबली, की बायच्या चिरा बुजत. तेव्हा कुणी मलम घेऊन आलं तर ती हात मागे घ्यायची. "आता मना इचारू नका. आता हात भयरा हाय, त्याला काय आयकू येत नाय." त्या दोन-तीन महिन्यांत आमच्या गल्लीतल्या आया अगदी निराधार होत.

इथवरचं लिहिताना मजा वाटली. पुढचं लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं आहे. बाय जाऊनही आता तीन वर्षं झाली.

पांढरं मलम संपलं. मलम घोटायला दवाखान्यात चिनीमातीच्या दोन लाद्या होत्या. एक नायट्याच्या मलमासाठी, दुसरी बाकीच्या सगळ्यांसाठी. नायट्याचं मलम जहाल. ते कातडी सोलून काढतं. दुसरी लादी माझ्याच हातून पडून फुटली होती आणि डॉक्टर रागावतील म्हणून मी ती गोष्ट त्यांच्यापासून लपवली होती. त्या संध्याकाळी बांधकामावरच्या मजुरांची गर्दी होती. मी एकाचं नायट्याचं मलम घोटलं, लादी फडक्याने पुसली आणि त्याच लादीवर माझ्या मुलीचं मलम घोटून घरी नेलं.

लावल्याबरोबर उषा किंचाळली. सकाळी पाहतो तो सगळा भाग सोलवटलेला. सुमन घाबरीघुबरी होऊन म्हणाली, "काल बायने घेतलं होतं हिला. मासळी विकून तशीच आली होती, हातसुद्धा धुतले नव्हते." मी डबी घेऊन बाहेर गेलो. माझा अंगठा काचेच्या बाटलीने जरा कापला होता. त्यावर मलम लावलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सगळं कळलं. आत येऊन मी म्हणालो, "असेल. मासळीचाच हात."

बाय आली तेव्हा सुमनने तिला दारातच थांबवलं. बायने सगळं ऐकून घेतलं. मग ती माझ्याकडे वळली. "कंपौंडर, खरं काय रे?"

"हो बाय," मी म्हणालो. "हाताला मीठ असतं. तान्ह्याची कातडी नाजूक."

ती आपल्या तळहाताकडे बघत राहिली. "बरं," म्हणाली आणि पाटी उचलून गेली.

मी ती डबी गटारात रिकामी केली, लादी उकळत्या पाण्याने धुतली, नवं मलम केलं. उषा आठवड्यात बरी झाली. माझं खोटं सहज पचलं असतं. बाय आता आमच्या दाराशी येत नसे. गल्लीच्या पलीकडे पाटी उतरवून तिथूनच ओरडायची. तो आवाज ऐकून उषा मान वळवायची, पाय झाडायची. मी वर्तमानपत्र तोंडापुढे धरायचो.

नवव्या दिवशी बाय दवाखान्यात आली. दहा-बारा पेशंट बाकांवर बसले होते. तिने पाटी उंबऱ्याशी उतरवली आणि हात माझ्यापुढे धरला. राखेने घासून घासून तो लाल झाला होता.

"बघ जरा," ती म्हणाली. "मीठ गेलं काय रे आता?"

"कशाला, बाय?"

"सून बाळंत जाली माझी. नातू हाय, वीस दिवसांचा. तू सांगितलंस त्या दिवसापासून हात नाय लावला त्याला. लांबून बघते. सून हसते मना. म्हनते, आमी समदी अशाच हातांत वाढलो. पन तू डॉक्टराकडचा मानूस. तुना कळतं."

आजही तो हात माझ्यापुढे येतो. मी कशाचाही विचार न करता बोलून गेलो, मोठ्याने, सगळ्यांदेखत. लादी फुटल्याचं, नायट्याच्या मलमाचं, अंगठा झोंबल्याचं, सगळं. "तुझ्या हाताचं काही नव्हतं, बाय. चूक माझी होती. आणि मी तुझ्यावर ढकलली."

बाकावरचा एक मजूर कळवळून उठला. "अरे, वो तो मेरा मलम था! बच्ची को लगा दिया?"

बायला ते ऐकूच गेलं नसावं. ती माझ्याकडे टक लावून बघत होती. "म्हंजे हात चांगला हाय?"

"चांगला आहे, बाय."

"नातवाला घेऊ?"

"घे, बाय. आत्ता घे."

तिच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी हसू म्हणतो, कारण दुसरा शब्द मला येत नाही. "मेल्या!" ती ओरडली. "मुडद्या! नऊ दिवस रे माझे! पाटी बघ!" आणि लुगड्याचा काचा आवळत ती पळतच सुटली. पन्नाशीची बाई स्टेशनाच्या रस्त्याने धावताना सगळ्या पेशंटांनी दारात उभं राहून पाहिली. मुरब्याकडे निघालेल्या एका बैलगाडीत ती चढल्याचं नंतर कळलं.

दवाखान्यात उरलो मी आणि पाटीभर ओले बोंबील. पडद्याआडून डॉक्टर बाहेर आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. पाटीकडे बघून म्हणाले, "हे औषध कुणाला लिहून दिलंय मी?" पेशंट हसले. मग तेवढ्याच शांतपणे म्हणाले, "लादी फुटली तेव्हाच मला सांगायचं होतंत. उद्या दुसरी आणू. आता हे विकून या, नाहीतर संध्याकाळपर्यंत दवाखान्यात मांजरंच येतील."

म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा डोक्यावर पाटी घेतली. चुंबळ नीट बसेना, मानेवर पाणी ओघळत होतं. "बोंबील! ताजे बोंबील!" असं मी आमच्याच गल्लीत ओरडत निघालो. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. पापलेटच्या आईने तर नवऱ्याला हाक मारून बाहेर बोलावलं. आमच्या दारात सुमन उषाला कडेवर घेऊन उभी होती.

"हे काय आता?" ती म्हणाली.

मी पाटी डोक्यावर तशीच धरून तिला सगळं सांगितलं. सुमन हसली नाही. "त्या बाईला मी दारातून परत पाठवली," ती म्हणाली, "ती तुमच्या शब्दावर." मी पाटी उतरवायला हात वर नेले, तशी ती म्हणाली, "उतरवू नका. शेवटच्या घरापर्यंत जा." मी गेलो. उरलेले बोंबील आम्ही दोन दिवस खाल्ले. सुमनने साताऱ्याच्या पद्धतीने त्यांचं तिखटजाळ कालवण केलं आणि दोन दिवसांत माझ्याशी मोजकंच बोलली.

तिसऱ्या सकाळी बाय आली. सुमनने एक शब्द न बोलता उषाला तिच्या मांडीवर ठेवलं आणि पदराने डोळे पुसले. बायने पोरीला उलटंपालटं करून पाहिलं, मुका घेतला आणि मला हाक मारली. "कंपौंडर, नातवाला घेतला तं मुतला माझ्यावर. वळखलंन मना!" ती इतकी हसली, की उषाही हसायला लागली. मला वाटलं, झालं, सुटलो. पण बाय अशी सोडणारी नव्हती. त्यानंतर कितीतरी वर्षं ती दवाखान्यावरून जाताना रस्त्यातूनच ओरडायची, "कंपौंडर, लादी धुतलीस काय?" पुढे पुढे गल्लीतली पोरंही ओरडायला लागली. मी प्रत्येकाला "धुतली" म्हणून उत्तर द्यायचो, आणि खरोखरच धुतलेली असे.

पुढे मी पालघरला औषधांचं छोटं दुकान काढलं. बायने मासळी सोडली. भेटी कमी झाल्या. उषा पहिल्या बाळंतपणाला घरी आली आणि तिच्या मुलीच्या जांघा लाल झाल्या, तेव्हा माझ्या दुकानाच्या फळीवर रंगीबेरंगी ट्यूबांची रांग होती. जावईबापू एकेकीवरचा मजकूर वाचत बसले होते. मी माळ्यावरची चिनीमातीची लादी काढली, साधं पांढरं मलम घोटलं आणि उषाला नि बाळाला घेऊन मुरब्याला गेलो.

बाय ओट्यावर बसली होती. दृष्टी अधू झालेली. उषाचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपून म्हणाली, "मांदेली! आनि ही काय? हिला काय म्हनू? करंदी!" मग तिने डबी मागितली. मलम तळहातावर चोळलं आणि सवयीने हात उताणा मांडीवर ठेवला. आम्ही सगळे थांबलो. त्या हातावर आता एकही चीर नव्हती. तो लहान मुलाच्या हातासारखा मऊ झाला होता.

"काय कळत नाय रे," ती म्हणाली. "भयरा जाला."

"मलम मीच घोटलंय, बाय," मी म्हणालो. तिने मान वर करून माझ्या आवाजाच्या रोखाने पाहिलं.

"लादी धुतलीस?"

"धुतली, बाय."

"ऊन पान्यानं?"

"उकळत्या पाण्याने. साबण लावून. दोनदा."

"मग मना कशाला इचारतोस?" ती म्हणाली. तिने करंदीला मांडीवर ओढलं, लंगोट सोडला आणि त्याच मऊ हाताने, चाचपत चाचपत, तिला मलम लावलं. पोर रडली नाही.