सायलीच्या कामाचा राखणदार

धक्क्यावरून फोन आला तेव्हा आमची सायली खोलीत लॅपटॉपवर मीटिंगमध्ये होती. होडीतून उतरताना हे कोसळले, ते उठलेच नाहीत... मी फोन हातात घट्ट धरून तिच्या दाराशी उभी राहिले. तिचं काम चालू असताना हाक मारायची नाही, हा ह्यांचाच दंडक. त्या दिवशी तो मी मोडला.

सायली कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. पुण्याच्या एका संशोधन संस्थेची इंटर्नशिप तिला मिळाली, घरी बसून करायची. माझी शाळा चौथीत सुटली, ह्यांची त्याच्याही आधी. तरी जेवताना हे तिला खोदून खोदून विचारायचे. ती सांगायची, उंदरांच्या मेंदूत विजेच्या बारीक लहरी उठतात. त्यांच्या नोंदी प्रत्येक प्रयोगशाळा आपापल्या पद्धतीनं ठेवते. त्या सगळ्या एका साच्यात आणायच्या, म्हणजे मेंदूच्या आजारांवर काम करणाऱ्या कुणालाही त्या वाचता येतील.

"म्हणजे आमच्यासारख्याच," हे म्हणाले. "एक पाण्याची खोली वावात सांगता, दुसरो मीटरात. एकाचा दुसऱ्याक कळना नाय. पण उंदराच्या डोक्यात असा आसता काय गो?"

"तुमचा जाळा खंय कुरतडूचा, ता!"

हे इतके हसले की ठसका लागला.

सुतकातच तिच्या शेवटच्या नोंदी द्यायची तारीख आली. तिच्या मॅडमनी सुट्टी देऊ केली, पण मग काम दुसऱ्या कुणाकडे गेलं असतं. सायलीनं लॅपटॉप कपाटात ठेवून दिला. "आये, माझ्याच्यान जावचा नाय." मी तो काढून तिच्यासमोर ठेवला. "बाबांनी इचारल्यानी असता तर काय सांगतलंस? अर्ध्यार सोडलंय म्हणान?" ती खूप रडली... आणि मग बसली.

मोठे भावोजी पडवीत होते. "बापूस जावन आठवडो नाय, आणि चेडू कॉम्प्युटर घेवन बसतला? लोक काय म्हणतले?"

लग्न होऊन आल्यापासून मी त्यांच्यापुढे मान वर करून बोलले नव्हते. तरी म्हटलं, "बसतला, भावोजी. बापाशीनच तेका बसयलला."

ते चपला घालून निघून गेले.

काम वेळेत गेलं. मॅडमनी पुढचंही दिलं.

ती आत काम करत असली की हे तिच्या उंबऱ्यावर बसून जाळं शिवायचे, आडवे पाय पसरून. त्यांना ओलांडून आत जायची कुणाची छाती नव्हती. आता तिथे मी बसते. जाळं मला शिवता येत नाही, मी तांदूळ निवडते. भावोजी आले की पदर सावरते. पण उठत नाही.