माझ्या खाटेवरच्या माणसाचं गाणं

थांबा, हे आत्ताच सांगतो, नंतर नको. जेवणाची सुट्टी झालीय, ऑफिसात कोणी नाही, नोटिशी काढायचं मराठी टाइपमशीन मोकळं आहे आणि माझी बोटं सुटलीयत. घाई एवढ्यासाठी की आज सकाळी अंघोळ करताना ते गाणं गुणगुणायला गेलो तर दोनच ओळी आल्या. आधी बऱ्याच येत होत्या. ते गाणं कुणी लिहून ठेवलेलं नाही. ते एकदाच झालं, गणपतीत, कॉलनीच्या मांडवात, आणि माझ्यामुळं झालं.

आधी खाटेचं सांगतो, नाहीतर काही कळणार नाही.

मी चिंचवडला खाट भाड्यानं घेऊन राहतो. खोली नाही हो, खाट. खोली एवढीशी, खाट एकच आणि माणसं दोन. मी दिवसा कंपनीत टायपिस्ट, दुसरा एका लहान फौंड्रीत बारा तासांच्या रात्रपाळीला. सकाळी मी बाहेर पडलो की तो येतो, संध्याकाळी मी येईपर्यंत तो गेलेला. किल्ली मीटरच्या पेटीवर. गुरुवारी दोघांनाही सुट्टी, पण तो कामावरून सरळ खेडच्या पुढं त्याच्या गावाला जातो आणि शुक्रवारी तिकडूनच पाळीवर हजर. मालक मला 'दिवसाचा' म्हणतो आणि त्याला 'रात्रीचा'. "ए दिवसाच्या, त्या रात्रीच्याला सांग, नळ नीट बंद करत जा!" मी कुठून सांगणार?

मागच्या दिवाळीपासून हे असंच चाललं होतं. मी त्याला बघितलेलंच नव्हतं.

पण ओळखत होतो! निदान मला तसं वाटायचं. भिंतीकडच्या बाजूला गादीत त्याचा खड्डा. त्याची चादर नेहमी घडी करून पायथ्याशी. साबण भिंतीला टेकवून उभा ठेवायचा, वाळावा म्हणून. पाणी दुपारी यायचं, तर दोन्ही बादल्या तोच भरून ठेवायचा. मी रॉकेल आणून ठेवायचो. आणि उशीला एक वास होता, मोगऱ्याच्या तेलाचा. रात्री त्या वासावर डोकं ठेवलं की वाटायचं, चला, कोणीतरी आहे.

हसू नका. माझं गाव बार्शीकडं. इथं माझं कोणी नाही. ऑफिसात सगळे कामापुरतं बोलतात. कधीकधी गुरुवार उजाडून मावळायचा आणि दिवसभरात माझा आवाज फक्त चहावाल्यानं ऐकलेला असायचा. मग खोलीत येऊन मी त्या खड्ड्याला म्हणायचो, काय भावा, आज लई काम होतं काय? भेटायचं तर रजा टाकावी लागली असती. आणि रजेच्या अर्जात कारण काय लिहायचं? खाटेवरच्या माणसाची भेट?

तर गणपती आले. कॉलनीच्या मांडवात तिघांचा कार्यक्रम असतो, तिघंही कामगार. एक पेटीवाला, एक ढोलकीवाला आणि एक काडीसारखा नाच्या. तोच गोष्टही सांगतो. त्यांचं काहीच बसवलेलं नसतं. लोकांनी ओरडून विषय द्यायचा, पेटीवाला डोळे मिटून सूर धरणार आणि तिथल्या तिथं गाणं, नाच, गोष्ट सगळं तयार. त्या संध्याकाळी कोणीतरी ओरडलं, "कँटीनची आमटी!" नाच्यानं असा नाच केला की एक डाळ पातेलंभर पाण्यात दुसऱ्या डाळीला शोधत फिरतेय. बायका पदर तोंडात धरून हसत होत्या. मग "साहेबाचा चष्मा" झाला, "बंद पडलेली बस" झाली. "पुन्हा, पुन्हा!" म्हटलं तरी पेटीवाला मान हलवायचा. "एकदा झालं ते झालं. नवीन द्या."

आणि मी ओरडलो. कसा ओरडलो मला माहीत नाही. "माझ्या खाटेवरचा माणूस!"

एकच हशा. "काय रे, बायकोला माणूस म्हणतो का?" पाठीमागून कोणीतरी.

नाच्यानं हात वर केला. "थांबा राव, बोलू द्या. कसला माणूस?"

मी सांगितलं. पाळ्यांचं, किल्लीचं, खड्ड्याचं. तो म्हणाला, "नाव काय त्याचं?"

"माहीत नाही."

"किती दिवस झाले?"

"दिवाळीपासून."

लोक पुन्हा हसले, पण कडेला बसलेले पुष्कळ बाप्ये हसले नाहीत. त्यातला एक म्हणाला, "आमच्या खोलीत पण तसंच आहे." पेटीवाला म्हणाला, "असू दे. बिननावाचं करू," आणि सूर लागला.

एक खाट अन् माणसं दोन,
उठला कोण नि निजला कोण?

पुढचं गेलं. पण नाच दिसतोय मला, आत्ताही. नाच्यानं बाकावर एक चादर टाकली. आधी तो मी झाला, मग तो झाला. मी उठलो, तो आला, तो उठला, मी आलो, इतक्या झटपट की दोघं एकमेकांना चुकतायत हे खरंच दिसत होतं. मधेच विचारायचा, "अजून काय?" मी ओरडायचो, "साबण!" की तो साबण भिंतीला टेकवायचा. "तेल!" म्हटलं तर त्यानं उशी छातीशी धरली, वास घेतला आणि तसाच उभा राहिला. ढोलकी थांबली. कोणी हसलं नाही. मग म्हणाला, "शाणा दिसतोय तुझा रात्रीचा," आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या पाठीवर थापा पडल्या. इथं आल्यापासून पहिल्यांदाच मला कोणी हात लावला.

आता हे त्याला सांगायला नको? त्याचं गाणं झालं आणि त्यालाच पत्ता नाही! दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामाला निघालोच नाही. बसलो खाटेवर.

तो आला. मला वाटलं होतं माझ्याएवढाच असेल. हा माणूस माझ्या वडिलांच्या वयाचा. पांढरे खुंट, भुवयांवर काळी माती. मला बघून दारातच थांबला.

"तुमी अजून हितंच? काय झालं? माझी खाट गेली का?"

"नाही हो! तुमच्यावर गाणं झालं!"

"माझ्यावर? मी काय केलंय?"

मी सुटलोच. मांडव, पेटी, नाच, साबण, सगळं. मधेच नाव विचारलं, त्यांनी सांगितलं. अगदी साधं नाव, आमच्या ऑफिसात त्या नावाचे तिघं आहेत. मग मी तेलाचं सांगितलं, तर ते थांबले.

"मोगऱ्याचं? मी न्हाई लावत तेल. ते तुमचं न्हाई व्हय?"

"माझं? नाही."

"च्यायला. मी म्हनायचो, पोरगं लई नटतंय."

दोघांनी उशी उचलून वास घेतला. उशी खाटेबरोबरच मिळालेली, आमच्या आधी कोणीतरी राहून गेला असेल, त्याचं तेल. ते हसले, मीही हसलो. पण उशी खाली ठेवताना मनात आलं, रात्री मी ज्याच्याशी बोलायचो तो कोण होता मग?

"म्हना की ते गाणं," ते म्हणाले आणि खाटेवर टेकले.

मी म्हणायला लागलो. सुरुवात आली. पुढचं अर्धं आलं, अर्धं मी जुळवलं. नाचाचं दाखवायला गेलो तर खोलीत जागा नाही. वळून बघतो तर त्यांना बसल्या बसल्या झोप लागलेली, बूट तसेच. मी उरलेलं हळूच म्हटलं आणि ऑफिसला गेलो. साहेबांनी कारण विचारलं, मी म्हटलं, पोट दुखत होतं.

त्यानंतर महिन्याच्या आतच त्यांना दिवसपाळी मिळाली. मालकानं त्यांना मागच्या चाळीत हलवलं, कारण एका खाटेवर दोन दिवसाचे कसे चालतील? मला केवढा आनंद! आता दोघंही संध्याकाळी मोकळे. मी भजी घेऊन गेलो. ते चौघांत पत्ते खेळत बसले होते.

"या की, या. ह्यो माझा खाटंवरचा भिडू," त्यांनी ओळख करून दिली.

"तो तेलवाला?" एक जण म्हणाला.

"त्यो न्हाई. ते दुसऱ्याच कुनाचं तेल व्हतं."

"मग गाणं म्हण की रं," दुसरा म्हणाला.

मी उभा राहिलो. चार-सहा ओळी म्हटल्या आणि तिथंच अडकलो. सगळ्यांनी पानं हातात धरून वाट बघितली. मग तेच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. भजी गार व्हत्यात." भजी खाल्ली. गावाकडं पाऊस कसाय, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बरा आहे. त्यांनी पानं पिसली. मी थोडा वेळ बसलो आणि निघालो, आणि पुन्हा काही गेलो नाही. ते वाईट वागले असं काही नाही हो, चांगलेच वागले. पण त्या खड्ड्याशी मी जे बोलायचो त्यातलं एकही वाक्य मला त्यांच्यासमोर सुचेना.

परवा बसस्टॉपवर दिसले. त्यांनी हात केला, मीही केला. त्यांची बस आधी आली.

खाटेवर आता नवा रात्रीचा आलाय. तो खिडकीकडं झोपत असावा, गादी त्या बाजूनं दबायला लागलीय. त्याच्याशी मी अजून बोललेलो नाही.

साहेब जिना चढतायत, थांबवतो. पण एक सांगा. माणूस दिसत नव्हता तोवर जवळचा होता, आणि समोर येऊन बसला तेव्हा बोलायला काहीच उरलं नाही, असं तुमचं कधी झालंय का? का माझंच झालंय?